भूमिहीनांचा इतिहास आणि केंब्रिजचे एक पारितोषिक

खेड्यातला अस्पृश्य केव्हापासून भूमिहीन आहे? चळवळीच्या सभांतून हा प्रश्न वारंवार विचारला गेला. इतिहासाच्या वर्गात तो क्वचित विचारला जातो, आणि विचारला गेलाच तर त्याचे एक ठरावीक उत्तर तयार असते. इंग्रज येण्यापूर्वी आपले खेडे स्वयंपूर्ण होते; प्रत्येकाला आपापले काम होते, आपापला वाटा होता. इंग्रजांनी सारा वाढवला, कारागिरांचे धंदे बुडवले, जमीन विकाऊ केली. आणि त्या उद्ध्वस्त खेड्यातून शेतमजूर नावाचा वर्ग जन्माला आला. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी हे उत्तर परीक्षेत लिहीत आले आहेत.

ज्याच्या घरात तीन-चार पिढ्या सालगडी म्हणून राबल्या त्याला हे उत्तर वाचताना एक साधी शंका येते. इंग्रजांच्या आधी आमच्या खापरपणज्याची जमीन कोणती होती? कोणत्या शिवारात होती? ती गेली असेल तर गावाला तिचे नाव तरी आठवले असते. बुडालेल्या कुणब्याच्या शेताचे नाव गावात टिकून राहते. आमच्या शेताचे नाव का टिकले नाही?

ही शंका शास्त्रीय संशोधनाच्या भाषेत प्रथम ठामपणे मांडली गेली ती महाराष्ट्राविषयी नव्हे, तर जुन्या मद्रास इलाख्याविषयी. आणि ती मांडणाऱ्या डॉक्टरेटच्या प्रबंधाला केंब्रिज विद्यापीठाने एलेन मॅकार्थर पारितोषिक दिले. प्रबंधाच्या लेखिका धर्मा कुमार. १९६५ साली केंब्रिजच्या विद्यापीठ मुद्रणालयाने ‘लँड अँड कास्ट इन साउथ इंडिया’ या नावाने तो ग्रंथरूपात प्रसिद्ध केला. या ग्रंथाला साठ वर्षे होऊन गेली. आपल्या कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना त्याची ओळख असायला हवी, तशीच त्याच्या मर्यादांचीही. अशा पारितोषिकापर्यंत कोण पोचतो आणि कोण पोचू शकत नाही, हाही प्रश्न त्याला लागूनच येतो.

१

आधी पारितोषिकाविषयी. ज्यांच्या नावाने ते दिले जाते त्या एलेन मॅकार्थर (१८६२–१९२७) केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात आर्थिक इतिहास शिकवीत. शिकल्या केंब्रिजमध्ये, शिकवले केंब्रिजमध्ये. परंतु त्या स्त्री असल्यामुळे केंब्रिजने त्यांना पदवी दिली नाही. पदवीसाठी त्यांना डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजाचा आधार घ्यावा लागला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवीचा हक्क दिला तो १९४८ साली, म्हणजे मॅकार्थरबाईंच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून आर्थिक इतिहासातील संशोधनाला हे पारितोषिक सुरू झाले. ज्या विद्यापीठाने जिला दारात उभे केले, तिच्याच नावाने ते विद्यापीठ आज संशोधकांचा गौरव करते. नाकारलेल्यांच्या बाबतीत व्यवस्था पुष्कळदा असेच वागते: हयातीत हक्क नाही, मेल्यावर नाव.

धर्मा कुमार (१९२८–२००१) तमिळ ब्राह्मण घराण्यातल्या. वडील के. वेंकटरामन हे नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते संचालक होते. धर्मा कुमार मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आणि नंतर केंब्रिजला शिकल्या. काही काळ रिझर्व्ह बँकेत होत्या. पुढे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी अध्यापन केले. त्यांच्या घरात पुस्तके होती, इंग्रजी होती, वाट दाखवणारी माणसे होती. आंबेडकरी चळवळीशी त्यांचा संबंध नव्हता आणि डाव्या इतिहासकारांशी त्यांचे वाद झाले. हे सांगायचे ते त्यांना कमी लेखण्यासाठी नव्हे. उलट, चळवळीचे कोणतेही ऋण नसलेल्या एका संशोधिकेला केवळ कागदपत्रांच्या बळावर जे मान्य करावे लागले, त्याचे मोल आपल्याला अधिक आहे.

२

त्या काळी या विषयावर प्रमाण मानला जाणारा ग्रंथ म्हणजे सुरेंद्र पटेल यांचे भारत-पाकिस्तानातील शेतमजुरांविषयीचे १९५२ सालचे पुस्तक. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतात भूमिहीन शेतमजुरांचा म्हणण्यासारखा वर्गच नव्हता, तो इंग्रजी अमलाने निर्माण केला, असे त्याचे प्रतिपादन होते. हे प्रतिपादन राष्ट्रवाद्यांना सोयीचे होते, कारण सर्व पापाचे माप परक्यांच्या पदरात पडत होते. डाव्यांनाही सोयीचे होते, कारण भूमिहीनता ही भांडवलशाहीची आणि साम्राज्यशाहीची निपज ठरत होती. या मांडणीच्या समर्थनार्थ एक विधान पुस्तकापुस्तकातून फिरत असे: १८४२ साली सर टॉमस मन्रो यांनी हिंदुस्थानात भूमिहीन शेतकरी नाहीत असे नमूद केले आहे. मन्रो १८२७ सालीच मरण पावले होते. मेलेल्या माणसाची साक्ष विद्वानांनी पंधरा वर्षांनंतरच्या तारखेने नोंदवली आणि कोणी तिला हरकत घेतली नाही. सोयीच्या साक्षीदाराचे वय कोणी विचारीत नाही.

धर्मा कुमारांनी विचारलेला प्रश्न सरळ होता. इंग्रजी अंमल बसत असताना मद्रास इलाख्यात जमिनीवर राबणारे, पण जमीन नसलेले लोक होते की नव्हते? होते तर किती, आणि कोण? इंग्रज अधिकाऱ्यांचे अहवाल, महसूल खात्याची दफ्तरे, गुलामगिरीविषयीच्या चौकशा आणि पुढच्या खानेसुमाऱ्या त्यांनी तपासल्या. त्यातून निघालेले उत्तर असे की असे लोक होते, मोठ्या संख्येने होते, आणि ते काही विशिष्ट जातींचेच होते. तमिळ मुलखात पळ्ळन आणि परैयन, मलबारात चेरुमन आणि पुलय, कानडी भागात होलेय, तेलुगू भागात माला आणि मादिगा.

त्यांच्या हिशेबाची रीत समजून घेण्यासारखी आहे. १८०० सालच्या शेतमजुरांची मोजणी कोणी केलेली नव्हती. परंतु पुढच्या खानेसुमारीत जातवार आकडे आले. परंपरेने दास्यात ठेवलेल्या आणि शेतावर राबणाऱ्या जाती कोणत्या हे जुन्या अहवालांवरून निश्चित होते. त्या जातींचे लोकसंख्येतील प्रमाण शंभर वर्षांत फारसे बदलले नसावे असे धरून त्या मागे गेल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे मजूर एकूण लोकसंख्येच्या सुमारे १० ते १५ टक्के असावेत असा अंदाज त्यांनी बांधला. इंग्रजी अमलात भूमिहीनांची संख्या वाढलीच नाही असे त्या म्हणत नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच की हा वर्ग इंग्रजांनी शून्यातून निर्माण केला नाही; तो त्यांना आयता मिळाला. त्याला भूमिहीन ठेवणारी संस्था जात ही होती.

३

त्या दास्याचे स्वरूप काय होते? फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८००–०१ साली म्हैसूर, कानडा आणि मलबार या मुलखांत प्रवास करून जे लिहून ठेवले ते आजही वाचवत नाही. मलबारात शेतावरचा गुलाम तीन प्रकारे दुसऱ्याच्या ताब्यात देता येई: कायमचा विकून, गहाण टाकून किंवा खंडाने देऊन. जमिनीच्या व्यवहारात जे शब्द वापरीत, जन्मम्, काणम्, पाट्टम्, तेच माणसाच्या व्यवहारात वापरीत. आपल्या भाषेत सांगायचे तर खरेदीखत, गहाणखत आणि खंडपट्टा हे तिन्ही कागद माणसावर होत होते.

तंजावर-चेंगलपट्टूकडे मिरासदारी होती. ‘मिरासदार’ हा शब्द आपल्याला परका नाही. तिकडचे मिरासदार बहुधा ब्राह्मण किंवा वेळ्ळाळ. ब्राह्मणाने नांगराला हात लावायचा नाही हा धर्म. मग भातशेतीचा चिखल कोण तुडवणार? ज्याला जमीन घेता येणार नाही, ज्याला गाव सोडता येणार नाही आणि ज्याला गावात राहताही येणार नाही, असा माणूस तेथे लागत होता. चेरीत, म्हणजे आपल्या महारवाड्यासारख्या वेगळ्या वस्तीत, तो तयार ठेवलेला होता. म्हणजे अस्पृश्यता हा निव्वळ शिवाशिवीचा प्रश्न नव्हता. मजूर बांधून ठेवण्याची ती व्यवस्था होती. विटाळाची रेघ आणि शेताचा बांध एकाच हाताने आखलेले होते.

१८४३ साली कंपनी सरकारने पाचवा कायदा केला आणि माणसावरचा मालकी हक्क न्यायालयात मानला जाणार नाही असे ठरले. १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. कायद्याने गुलाम मोकळा झाला, पण पायाखाली जमीन आली नाही. मालक तोच राहिला, चेरी तीच राहिली. गुलामाच्या जागी कर्जाने बांधलेला पन्नैयाळ आला. ज्यांना शक्य झाले ते सिलोन, मॉरिशस, ब्रह्मदेश, मलायाच्या वाटेला लागले. मळ्यावरचे जिणे काही सुखाचे नव्हते; तरी माणसे जहाजात चढत होती, यावरून गावातले जिणे कसे असेल ते समजावे.

येथे आपल्याला ज्योतीरावांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८७३ साली त्यांनी आपल्या पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिले आणि ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. त्या काळच्या विद्वानांना ती एका माळी लेखकाची अतिशयोक्ती वाटली. मद्रासच्या दफ्तरांतून केंब्रिजला सिद्ध झाले ते हेच, की या देशाच्या एका भागात ‘गुलाम’ ही उपमा नव्हती, ती वस्तुस्थिती होती. फरक इतकाच की ज्योतीरावांना पारितोषिक मिळाले नाही, शिव्या मिळाल्या.

४

परंतु पारितोषिक मिळाले म्हणून प्रबंध अंतिम ठरत नाही. आपण तो चिकित्सकपणे वाचला पाहिजे.

पहिली मर्यादा साधनांची. महसूल खात्याच्या दफ्तरात मजुराचे नाव येते ते कोणाची तरी मालमत्ता म्हणून, किंवा साऱ्याच्या हिशेबातला खर्च म्हणून. तो स्वतः काय म्हणत होता हे तेथे मिळत नाही. जातीवरून धंदा धरण्याच्या पद्धतीतही धोका आहे. त्या जातींतले काही लोक जमीन कसत असतील, आणि इतर जातींतले काही भूमिहीन असतील. टीकाकारांनी हे दाखवून दिले आहे आणि ते रास्त आहे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. ‘भूमिहीनता इंग्रजांच्या आधीपासून होती’ या वाक्याचा उपयोग इंग्रजांना निर्दोष ठरवण्यासाठी करता येतो, आणि तो केला गेला आहे. आपल्याला तो मान्य होण्याचे कारण नाही. जुनी बेडी कोणी घडवली हा एक प्रश्न. तिची किल्ली हातात आल्यावर नव्या राज्यकर्त्याने काय केले हा दुसरा. रूपा विश्वनाथ यांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द पारैया प्रॉब्लेम’ या ग्रंथात दाखवले आहे की मद्रासचे इंग्रज अधिकारी आणि सवर्ण जमीनदार यांचे साटेलोटे होते. सारा वेळेवर मिळावा म्हणून सरकारला मजूर बांधलेलाच हवा होता, आणि म्हणून ही गुलामगिरी ‘सौम्य’ आहे असे सांगण्यात दोघांचाही फायदा होता. चेंगलपट्टूचा कलेक्टर ट्रेमेनहीअर याने १८९१ साली परैयनांच्या स्थितीचा अहवाल दिला तेव्हा कोठे १८९२ पासून ‘पंचमी’ जमिनी देण्यास सुरुवात झाली. त्या जमिनींतील पुष्कळशा पुढे इतरांच्या घशात गेल्या, आणि त्या परत मिळाव्यात म्हणून तमिळ दलितांना १९९० नंतरही झगडावे लागले.

तिसरी उणीव भरून काढली ती केरळचे इतिहासकार सनल मोहन यांनी. ‘मॉडर्निटी ऑफ स्लेव्हरी’ (२०१५) या ग्रंथात त्यांनी पुलय-परय समाजाची गाणी, प्रार्थना आणि पोयकयिल योहन्नान यांच्या पंथात जतन झालेली गुलामीची आठवण यांना इतिहासाच्या साधनांचा दर्जा दिला. कलेक्टरच्या दफ्तरात जे नव्हते ते आजीच्या गाण्यात होते.

आणि इतिहासाने स्वतःच एक पुरवणी जोडली. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर तीनच वर्षांनी, २५ डिसेंबर १९६८ रोजी, त्याच तंजावर जिल्ह्यात किळवेण्मणी येथे ४४ दलितांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले. मेलेल्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. मजुरांनी वाढीव मजुरी मागितली आणि लाल बावट्याखाली संघटना केली, हा त्यांचा अपराध. जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. २५ डिसेंबर ही महाडला मनुस्मृती जाळल्याची तारीख. एका २५ डिसेंबरला आम्ही ग्रंथ जाळला. एकेचाळीस वर्षांनी त्याच तारखेला त्यांनी माणसे जाळली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या टक्केवारीचा वाद हा केवळ विद्वानांचा वाद नाही, हे यावरून ध्यानात यावे.

५

आता महाराष्ट्राकडे वळू. मद्रासचे निष्कर्ष जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. मद्रासच्या भातशेतीतील दास आणि देशावरचा वतनदार महार यांच्यात फरक आहे. येथे महाराला हाडकी-हाडोळ्याची जमीन होती, बलुते होते. पण ही जमीन सेवेच्या मोबदल्यात होती, आणि त्या सेवेला ना वेळेची मर्यादा ना कामाची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते याच कारणाने. तुटपुंज्या जमिनीच्या तुकड्याने सारा समाज गावाच्या दावणीला बांधला जातो, हे त्यांनी ओळखले होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले. पुढच्याच वर्षी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९६४–६५ साली तो देशभर पसरला आणि हजारोंनी तुरुंग भरले. मराठवाड्यात गायरानाचा लढा त्याच्याही आधीपासून सुरू होता.

यातील किती गोष्टींवर आपल्या विद्यापीठांतून धर्मा कुमारांच्या तोडीचा प्रबंध झाला? धर्मा कुमारांनी संपादित केलेला ‘केंब्रिज इकॉनॉमिक हिस्टरी ऑफ इंडिया’चा दुसरा खंड १९८३ साली निघाला. त्यात पश्चिम भारतातील जमीनसंबंधांचे प्रकरण लिहिले ते फुकाझावा या जपानी विद्वानाने. महारांच्या चळवळीवर पहिला मोठा प्रबंध एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली अमेरिकेत पूर्ण केला. सत्यशोधक चळवळीवर गेल ऑम्वेट यांनी १९७३ साली. या सर्वांचे आपल्यावर ऋण आहे, आणि ते ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु आपली कथा सांगण्यासाठी टोकियोहून आणि पेनसिल्व्हेनियाहून माणसे यावीत, आणि इथल्या विद्यापीठांना तिची गरज वाटू नये, याचा विचार इथल्या विद्यापीठांनी करावयाचा आहे.

६

शेवटी प्रश्न उरतो तो कोण लिहिणार याचा. डॉक्टरेटच्या संशोधनाला लागणाऱ्या गोष्टी उघड आहेत: चार-पाच वर्षांची फुरसत, पैसा, दफ्तरखान्यापर्यंत पोचण्याची ऐपत आणि इंग्रजी. बाबासाहेबांना कोलंबियापर्यंत नेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीने, आणि ती मुदत संपताच लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. कोलंबियाला प्रबंध सादर झाला १९१६ च्या सुमारास; तो ग्रंथरूपाने छापला गेला १९२५ साली, आणि डॉक्टरेटची पदवी हाती आली १९२७ साली. इतक्या मोठ्या बुद्धीलाही पैशासाठी थांबावे लागले.

स्वतंत्र भारताने अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती ठेवली. सव्वाशे जागा, पण आमच्या मुलांना तेवढाच आधार. २०२२ साली केंद्र सरकारने तिच्या नियमांत बदल केला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले. या विषयांचे संशोधन भारतातच अधिक चांगले होऊ शकते, असे कारण देण्यात आले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. भूमिहीन शेतमजुराचा मुलगा म्हणून ज्याला ही शिष्यवृत्ती मिळेल, त्याला परदेशात जाऊन काहीही शिकता येईल, फक्त या देशातील भूमिहीन शेतमजुराचा इतिहास शिकता येणार नाही! इंग्रजी अमलातल्या कागदपत्रांचा केवढा तरी साठा आजही लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. ज्याच्या वडिलांच्या खिशात पैसा आहे तो ते कागद पाहून येईल, त्यावर लिहील, आणि उद्या एखादे पारितोषिकही घेईल. त्याचा राग नाही. परंतु प्रश्न आमचा, पुरावा आमच्या पूर्वजांचा, आणि वाट मात्र आम्हालाच बंद, हे कोणत्या न्यायात बसते? विद्यार्थी संघटनांनी या नियमाविरुद्धचा आवाज थंड पडू देता कामा नये.

तोपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. धर्मा कुमारांच्या प्रबंधातून विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा धडा पारितोषिकाचा नाही, प्रश्नाचा आहे: सर्वांनी गृहीत धरलेले वाक्य पुराव्यावर घासून पाहणे. आमच्या प्राध्यापकांनी दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना जरी आपापल्या गावाच्या कामाला लावले तरी दहा वर्षांत केवढी सामग्री उभी राहील! सालगड्यांच्या कराराचे कागद, वतनाच्या सनदा, सातबाऱ्याचे जुने उतारे, गायरानावर झालेल्या दंडाच्या पावत्या, सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांच्या आठवणी, जात्यावरच्या ओव्या. हे कागद आज पत्र्याच्या पेट्यांत आहेत, आणि ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. दफ्तरखाना पुढच्या वर्षीही उघडा असेल. म्हातारी असेलच असे नाही.

केंब्रिजने एका प्रबंधाला मान दिला आणि त्यामुळे एक खोटे वाक्य पाठ्यपुस्तकांतून हलू लागले. महाराष्ट्रापुरते ते वाक्य अजून हललेले नाही. ते हलवण्याचे काम ज्यांच्या खापरपणज्याच्या शेताला नाव नव्हते त्यांचेच आहे.